रंगूनचा तांदूळ आणि सिंगापूरची चूल

२० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात तांदळाचा किरकोळ भाव वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी चढला होता. पाऊस कुठे उशिरा आला होता, तर कुठे एकदम कोसळला होता. पॅसिफिक महासागरात एल निनो सुरू झाल्याचे हवामानाचे जाणकार सांगत होते. जगाच्या बाजारात जो तांदूळ देशादेशांत विकला जातो, त्यातला सुमारे चाळीस टक्के एकट्या भारताचा. त्यामुळे दिल्लीच्या एका अधिसूचनेने अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या, बाजारभाव चढले, आणि सिंगापूर नावाच्या एका चिमुकल्या देशाने ताबडतोब दिल्लीशी बोलणी सुरू केली. ऑगस्टअखेर भारताने जुन्या स्नेहाचा उल्लेख करून सिंगापूरला ५०,००० टन तांदूळ देण्याचे मान्य केले. त्याच वेळी भूतानला ७९,००० टन आणि मॉरिशसला १४,००० टन मिळाले.

बातमी दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत राहिली आणि गेली. परंतु इतिहास पाहणाऱ्याला ती नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थान सरकारने जवळजवळ अशीच बंदी घातली होती, कारणही पावसाचेच होते, आणि तेव्हाही सिंगापूरच्या तोंडचे पाणी पळाले होते. ही हकिगत आपल्या मासिकात सांगण्याचे कारण असे की, त्या गोष्टीतला तांदूळ आपल्या आजी-आजोबांच्या चुलीवरही शिजलेला आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. भात पिकवणाऱ्या कोकणातून उठून आपण अशा देशात येऊन राहिलो आहोत, की जिथे तांदळाचा प्रत्येक दाणा जहाजाने येतो. म्हणजे आपली गत सिंगापूरकरांहून फारशी निराळी नाही.

सिंगापूर म्हणजे केवढे? क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईहून थोडे मोठे. लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. १८१९ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सने तिथे इंग्रजांची वखार वसवली, ती शेतीसाठी नव्हे. चीन आणि हिंदुस्थान यांच्या वाटेवरचे बंदर, जकात नाही, कोणीही यावे आणि माल उतरवावा, हा त्या शहराचा पाया. लवकरच सिंगापूर नदीच्या काठी गोदामांची ओळ उभी राहिली आणि तांदळाची पोती होड्यांतून उतरू लागली. रंगून, बँकॉक आणि सायगाव या तीन बंदरांतून तांदूळ येई. काही शहरात खपे, काही पुढे मलायात आणि डच बेटांकडे जाई. पुढे रबराचा मोठा कारखानदार आणि दानशूर म्हणून ज्याचे नाव झाले, तो तान का की हा चिनी तरुण १८९० मध्ये सिंगापूरला आला तो वडिलांच्या तांदळाच्या पेढीवर काम करण्यासाठीच.

त्या बंदरात आपले धर्मबांधवही होते. ते बेने इस्राएल नव्हते. बहुतेक बगदादहून कलकत्ता-मुंबईमार्गे गेलेले व्यापारी होते. त्यांचे वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन आबोथ हे सिनेगॉग १८७८ मध्ये उघडले, आणि मनस्से मेयर यांनी बांधलेले खेसेद एल १९०५ मध्ये. दोन्ही आजही उभी आहेत. डेव्हिड मार्शल, जे १९५५ मध्ये सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते याच समाजातले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी मलायात कथिलाच्या खाणी वाढल्या, रबराचे मळे पसरले. मजूर आले दक्षिण हिंदुस्थानातून आणि चीनमधून. मळेवाल्याला रबरात जो नफा होता तो भातात नव्हता. म्हणून जमीन रबराला आणि पोट परक्या तांदळाला, अशी वाटणी झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मलाया आणि सिंगापूर मिळून जेवढा तांदूळ खात, त्यातला निम्म्याहून बराच अधिक बाहेरून येत असे. तमिळ मजुराला ब्रह्मदेशचा उकडा तांदूळ लागे. आपल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या लोकांना उकडा तांदूळ काय असतो ते सांगायला नको. कष्टाच्या माणसाला तो अंगी लागतो आणि दुपारपर्यंत भूक धरून ठेवतो.

हा सगळा तांदूळ पुरवत होती ती मुख्यतः इरावती नदीच्या मुखाची जमीन. १८५२ मध्ये इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला, जंगल तोडून खाचरे केली, आणि दोन पिढ्यांत तो प्रदेश जगातील सर्वांत मोठे तांदळाचे कोठार बनला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेशातून दरसाल सुमारे तीस लाख टन तांदूळ बाहेर जात असे, आणि त्यातला साधारण निम्मा हिंदुस्थानातच येई. मुंबईच्या चाळींत तो 'रंगूनचा तांदूळ' म्हणूनच ओळखला जाई. कोळंब, आंबेमोहोर सणासुदीला. रोजच्या पातेल्यात रंगून. कुलाबा जिल्हा स्वतः भाताचा, आणि आपल्या लोकांची त्या जिल्ह्याशी नाती पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर या आडनावांत अजून जिवंत आहेत. पण तेलाच्या घाण्या सोडून, गावची थोडीबहुत खाचरे भावकीकडे ठेवून जे मुंबईला नोकरीवर आले, ते विकतचे धान्य खाऊ लागले. सिंगापूरच्या गोदीतला हमाल आणि मुंबईच्या गिरणीतला कामगार एकमेकांना कधी भेटले नाहीत. मात्र दोघांच्या ताटातला भात एकाच नदीच्या पाण्यावर पिकला होता.

आता १९१८ कडे येऊ. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो होता, आणि हिंदुस्थानात मॉन्सून दगा देऊन गेला. युद्ध संपत आलेले, महागाई भडकलेली, आणि त्यातच इन्फ्लुएंझाची ती भयंकर साथ. मुंबई इलाख्याने तिचा मोठा तडाखा सोसला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. सरकारने ठरवले की ब्रह्मदेशचा तांदूळ आधी हिंदुस्थानला, उरला तर इतरांना. रंगूनहून निघणाऱ्या तांदळावर सरकारी नियंत्रण बसले आणि मलाया, सिलोन वगैरे वसाहतींना मोजून-मापून हिस्सा मिळू लागला. सिंगापूरचे व्यापारी बँकॉककडे वळले. पण १९१९ मध्ये सयामचे पीकही बुडाले आणि सयामनेही दार बंद केले. एकाच साम्राज्याच्या झेंड्याखाली असूनही एका प्रांताचे धान्य दुसऱ्या वसाहतीला मिळेना, हे त्या काळच्या लोकांना मोठे आश्चर्य वाटले.

सिंगापूरच्या सरकारने मग तांदळाचा व्यापार स्वतःच्या हाती घेतला. मिळेल तिथून, मागतील त्या भावाने तांदूळ घेतला आणि त्याहून कमी दराने विकला. फरक तिजोरीतून भरला, आणि तो फरक प्रचंड होता. मलायात मळेवाल्यांना अन्नाची पिके लावण्याची सक्ती करणारे कायदे झाले, पण रबराच्या मुळांत रताळी लावून लाखोंची पोटे भरत नाहीत. १९२१ पर्यंत पावसाने साथ दिली, भाव उतरले, जहाजे पुन्हा येऊ लागली. आणि मग काय झाले? काहीच नाही. रबर पुन्हा वाढले, भाताची खाचरे आहेत तितकीच राहिली. टंचाईत शिकलेला धडा सुकाळाच्या पहिल्या वर्षात पुसला जातो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्या विसरण्याची किंमत वीस वर्षांनी मोजावी लागली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि ८ मार्चला रंगून. तीन आठवड्यांच्या आत तांदूळ खाणारे बंदर आणि तांदूळ पाठवणारे बंदर दोन्ही गेली. जपान्यांकडे सैन्यासाठीच जहाजे पुरत नव्हती. सामान्य माणसासाठी कोठून आणणार? सिंगापुरात तांदळाचा शिधा कमी कमी होत १९४४ मध्ये महिन्याला पुरुषामागे आठ कट्टी, बाईमागे सहा आणि मुलामागे चार इतका उरला. कट्टी म्हणजे सुमारे सहाशे ग्रॅम. बाकीचे पोट टॅपिओका आणि रताळी यांनी भरायचे. आपण उपासाला साबुदाणा खाणारे शेजारी पाहिले आहेत. त्याच कंदाची पेज वर्षानुवर्षे दोन्ही वेळ प्यायची, ही कल्पना करून पाहावी. शहर पोसता येत नाही म्हणून १९४३ च्या अखेरीपासून हजारो लोकांना मलायातल्या रानात शेती करण्यास धाडले. चिनी लोक एन्दौला गेले, युरेशियन आणि कॅथलिक बहाऊला. बहाऊला जंगल साफ करतानाच मलेरियाने शेकडो माणसे गेली. सिंगापूरच्या ज्यू पुरुषांना १९४३ मध्ये चांगीच्या तुरुंगात कोंडले गेले, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षी बायकामुलांनाही छावणीत नेले.

इकडे आपल्या किनाऱ्यावर काय झाले? रंगून पडल्यावर मुंबईला येणारा तांदूळ एकाएकी थांबला. २ मे १९४३ पासून मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले आणि 'रेशनचे दुकान' हा शब्द मराठीत कायमचा आला. कोचीन आणि त्रावणकोर ही संस्थाने तर आपल्या अर्ध्या पोटासाठी ब्रह्मदेशावर अवलंबून होती. तिथे लोकांनी टॅपिओकावरच दिवस काढले. बंगालात सुमारे तीस लाख माणसे मेली. बंगालच्या दुष्काळाला रंगूनची बंदी हे एकच कारण नव्हते. युद्धाने भाव भडकले, साठेबाजी झाली, सरकारने वेळेवर हात दिला नाही, आणि शेतमजुराच्या हाती विकत घेण्याइतका पैसाच उरला नाही. अमर्त्य सेन यांनी पुढे हेच सविस्तर मांडले. धान्य कमी पडते तेव्हा सगळ्यांना सारखे कमी पडत नाही.

या ठिकाणी आपल्या नव्या देशाचीही एक आठवण जोडली पाहिजे. १९४९ मध्ये इस्राएलात 'त्सेना' म्हणजे काटकसरीचा, शिध्याचा काळ सुरू झाला आणि तो १९५९ पर्यंत चालला. आपल्यातली पहिली कुटुंबे त्याच काळात आलिया करून आली. तांदूळ मिळत नव्हता, आणि पूर्वेकडच्या देशांतून आलेल्या लाखो ओलिमना तर भाताशिवाय जेवण जेवण वाटत नव्हते. बेन गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने गव्हाच्या पिठाचे भाजलेले दाणे काढले. ते प्तितिम; लोकांनी त्यांना नाव दिले 'बेन गुरियनचा तांदूळ'. आज आपली नातवंडे ते आवडीने खातात. आपल्या आयांनी मात्र ते पातेल्यात ढवळताना मनात काय म्हटले असेल ते ज्याचे त्याने ओळखावे. आणि आपल्यापैकी जे साठच्या दशकात मुंबईत शाळेत जात होते, त्यांना रेशनवरचा अमेरिकन लाल गहू आठवत असेलच. म्हणजे परक्याच्या दारातून येणाऱ्या धान्यावर जगणे आपल्याला दोन्ही देशांत ठाऊक आहे.

स्वतंत्र सिंगापूरने या इतिहासातून काय घेतले, हे पाहण्याजोगे आहे. १९६५ मध्ये देश वेगळा झाला तेव्हा तिथे हजारो लहान शेते होती. सत्तरच्या दशकात अंडी आणि कोंबड्या यांच्या बाबतीत तो देश जवळजवळ स्वयंपूर्ण होता. पण जागा थोडी आणि माणसे वाढती. घरे, कारखाने, पाण्याचे तलाव यांच्यासाठी शेते उठवली गेली. आज शेतीकडे जेमतेम एक टक्का जमीन आहे आणि नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. ही चूक झाली असे म्हणता येत नाही. त्याच जमिनीवर त्यांनी जे कमावले, त्यातूनच ते आज अन्न विकत घेतात. मात्र १९१९ ची आठवण ठेवून त्यांनी तीन बंदोबस्त केले.

पहिला, साठ्याचा. सिंगापुरात तांदूळ आयात करायचा असेल तर परवाना लागतो, आणि आयातदाराने आपल्या दोन महिन्यांच्या आयातीइतका तांदूळ सरकारी गोदामात ठेवलाच पाहिजे. जुना माल फिरवून नवा ठेवायचा, म्हणजे किडत नाही. २००८ मध्ये भारत, व्हिएतनाम वगैरे देशांनी निर्यात आवळली, आणि वर्षारंभी टनाला चारशे डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ काही महिन्यांत हजार डॉलरांवर गेला. तेव्हा सिंगापुरातही लोक पोती घेण्यासाठी धावले. पण गोदामे भरलेली आहेत हे सरकारला सांगता आले, आणि धावपळ शमली. हा उपाय आपल्या तोरातला आहे. योसेफने फारोला सांगितले होते की सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेव.

दुसरा, अनेक दारांचा. आज सिंगापूर १८० हून अधिक देश-प्रदेशांतून अन्न आणते. याची परीक्षा २०२२ मध्ये झाली. युक्रेनच्या युद्धाने मका आणि सोयाबीन महागले, कोंबडीचे खाद्य महागले, मलेशियात कोंबडी मिळेनाशी झाली, आणि मलेशियाने १ जूनपासून महिन्याला ३६ लाख कोंबड्यांची निर्यात थांबवली. सिंगापूरची सुमारे एक-तृतीयांश कोंबडी तिथून येई, आणि जिवंत कोंबड्या तर जवळजवळ सर्वच. हायनानी पद्धतीचा कोंबडी-भात हे त्या शहराचे लाडके जेवण. ताज्या कोंबडीखेरीज त्याची चव येत नाही, म्हणून कित्येक गाडीवाल्यांनी धंदा बंद ठेवला. तरीही कोणी उपाशी राहिले नाही, कारण ब्राझीलची गोठवलेली कोंबडी येत होती, आणि जूनअखेर इंडोनेशियाचे दार उघडून घेतले गेले. ऑक्टोबरात मलेशियाने बंदी उठवली.

तिसरा, स्नेहाचा. एप्रिल २०२० मध्ये, महामारी ऐन भरात असताना, सिंगापूर आणि न्यूझीलंड यांनी करार केला की अन्न आणि औषधे यांसारख्या आवश्यक वस्तूंची निर्यात आपण एकमेकांसाठी रोखणार नाही. २०२३ चे ५०,००० टन हे अशाच सांभाळलेल्या स्नेहाचे फळ. २०२२ मध्ये सिंगापूरच्या तांदळापैकी सुमारे ४० टक्के तांदूळ भारताचा होता. दार ठोठावण्याची वेळ आली तेव्हा आतला माणूस ओळखीचा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने ती बंदी सर्वांसाठीच उठवली.

चौथा उपाय करून पाहिला, तो मात्र जमला नाही. २०१९ मध्ये सिंगापूरने संकल्प सोडला की २०३० पर्यंत आपल्या गरजेच्या ३० टक्के पोषण देशातच पिकवू. उंच इमारतींत दिव्यांखाली भाजी, समुद्रात माशांचे पिंजरे, प्रयोगशाळेत वाढवलेले मांस. डिसेंबर २०२० मध्ये असे मांस विकण्यास परवानगी देणारा सिंगापूर हा जगातला पहिला देश ठरला. पण वीज महाग, मजुरी महाग, आणि शेजारच्या मलेशियाची भाजी स्वस्त. २०२४ मध्ये देशात पिकलेली भाजी गरजेच्या सुमारे ३ टक्के, मासळी ६ टक्के. अंडी तेवढी एक-तृतीयांशाच्या वर. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने तो संकल्प मागे घेतला आणि २०३५ साठी निराळी उद्दिष्टे ठरवली. यात लपलेली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिंगापूरची बहुतेक वीज आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर होते. म्हणजे दिव्याखालची कोशिंबीर जहाजाने आलेल्या इंधनावरच वाढते. अंडे सिंगापूरचे, पण कोंबडीचा दाणा परदेशचा. आपल्या इस्राएलातही दूध आणि अंडी घरची असली तरी गाईगुरांचे, कोंबड्यांचे बरेचसे खाद्यधान्य हैफा आणि अश्दोदच्या बंदरांतूनच येते.

येथवर आपण खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले. पिकवणाऱ्याच्या बाजूने पाहिले की निराळेच चित्र दिसते. एक किलो तांदळामागे काही हजार लिटर पाणी लागते. पंजाब-हरयाणात विहिरींचे पाणी वर्षागणिक खोल चालले आहे. भारत तांदूळ निर्यात करतो तेव्हा पोत्याबरोबर ते पाणीही परदेशी जाते, आणि त्याचा भाव बिलात कोठेच लिहिलेला नसतो. पाण्याने भरलेल्या खाचरातून मिथेन वायू निघतो. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी साधारण दहावा हिस्सा भातशेतीचा आहे. म्हणजे ऊन-पावसाचे जे चक्र बिघडल्यामुळे भात बुडतो, ते बिघडवण्यात भाताचाही थोडा हात आहे. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाशी समुद्राचे खारे पाणी आत शिरून २०१६ आणि २०२० मध्ये पिके जळाली. आपल्या रायगडातली खारेपाटाची माणसे हे दुःख लगेच ओळखतील. पेण-अलिबागकडे समुद्राचा बांध फुटला, उघाडी निकामी झाली, की चांगले खाचर तीन-तीन वर्षे नापीक होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी खारे पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, आणि त्यांना नावही 'पनवेल' असेच दिले.

उपाय नाहीत असे नाही. खाचर सदा भरलेले न ठेवता मधून मधून सुकू दिले, तर पाणी वाचते, मिथेन बराच घटतो आणि पीकही टिकते. व्हिएतनामने २०२३ मध्ये दहा लाख हेक्टरांवर असा कमी प्रदूषणाचा भात २०३० पर्यंत करण्याची योजना मंजूर केली. आपल्या नेगेवमधल्या हात्सेरिम किबुत्झात १९६५ मध्ये जन्मलेली नेताफिम कंपनी आता भातालाही ठिबकाने पाणी देऊन पाहत आहे. पण नळ्या, पंप आणि सपाट केलेली जमीन यांना पैसा लागतो. तो दोन एकरांच्या शेतकऱ्याने एकट्याने घालावा आणि स्वस्त तांदूळ मात्र आपण खावा, हा न्याय नव्हे.

सिंगापूरची अनेक दारांची युक्तीही येथेच लंगडी पडते. मलेशिया बंद झाले तर इंडोनेशिया, ही गोष्ट कोंबडीला लागू पडली, कारण संकट एका देशाचे होते. एल निनो मात्र एका देशापुरता येत नाही. १९१८-१९ मध्ये हिंदुस्थानापाठोपाठ सयामही कोरडा पडला, तसेच २०२३ मध्ये भारतातला ऑगस्ट १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि थायलंडमध्येही सरकार शेतकऱ्यांना पाणी जपून वापरा म्हणून सांगत होते. सगळी दारे एकाच वाऱ्याने मिटणार असतील, तर किती दारे आहेत हे मोजून काय उपयोग?

मग बंदी घालणाऱ्याला दोष द्यावा काय? आमच्या मते आपण तरी देऊ नये. आपल्याच शास्त्रींनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. तालमूदच्या बावा बत्रा या भागात सांगितले आहे की द्राक्षारस, तेल, पीठ यांसारख्या ज्या वस्तूंवर माणसाचे जीवन चालते, त्या एरेत्स इस्राएलबाहेर विकू नयेत. तिथेच साठेबाजीचाही निषेध आहे. म्हणजे आधी घरच्याचे पोट, ही गोष्ट त्यांनी मान्य केली. पण घरच्याच व्यापाऱ्याने धान्य दडवून भाव चढवावा, हे मान्य केले नाही. आणि तोरात योसेफाची गोष्टही आहेच. मिसरच्या कोठारांतून फक्त मिसरी लोकांनाच धान्य मिळाले असते तर याकोबाची मुले कनानातच उपाशी मेली असती, आणि आज हा लेख लिहायला व वाचायला कोणी उरले नसते. आधी घर, पण दार पूर्ण लावून घ्यायचे नाही, असा मधला रस्ता आपल्या परंपरेत आहे. भूतान, मॉरिशस, सिंगापूर यांना दिलेले हिस्से त्याच रस्त्यावरचे होते. चिंता आहे ती त्यांची, ज्यांच्या सरकारांना दिल्लीत वजन नाही. पश्चिम आफ्रिकेतला गरीब माणूस भारताचा तुकडा तांदूळ खातो. २०२२ मध्ये तुकड्याची निर्यात बंद झाली तेव्हा त्याच्यासाठी बोलणारे थोडे होते.

आपल्या इस्राएलचा विचार करू. आपले बहुतेक सर्व धान्य समुद्रमार्गे येते. २०२३ च्या नोव्हेंबरापासून हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, एलातचे बंदर ओस पडले, आणि भारत-थायलंडकडून येणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. मे २०२४ मध्ये तुर्कस्तानने व्यापार तोडला आणि शूकमध्ये टोमॅटोचा भाव ऐकून आपल्या बायका थक्क झाल्या. चहूकडे मित्र जोडण्याची सिंगापूरची सोय आपल्याला नाही. म्हणून साठ्याचे महत्त्व आपल्याला त्यांच्याहून अधिक, आणि जे थोडे मित्र आहेत त्यांच्याशी केवळ विकत घेण्याचे नाते न ठेवण्याची गरजही अधिक. इस्राएलने भारतातील शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्रे काढली आहेत, महाराष्ट्रातही. भाजी आणि फळे यांच्याबरोबर तिथे भाताच्या पाण्याकडे अधिक लक्ष दिले, तर तो उपकार ठरणार नाही. आपल्याच ताटाची तरतूद ठरेल. असे काम टंचाई नसताना करायचे असते. १९२१ मध्ये तांदूळ स्वस्त झाला तेव्हा सिंगापूरने ते केले नाही, आणि १९४२ मध्ये रबराची झाडे उभी असताना माणसे टॅपिओका खात होती.

आपल्या घरी मलिदा होतो तेव्हा ताटात पोहे, नारळ आणि गूळ असतो. एलियाहू हनाबीचे नाव घेऊन बेराखा म्हणताना आपण जमिनीच्या आणि झाडाच्या फळाबद्दल देवाचे आभार मानतो. ते पोहे आज कोणत्या खाचरातून आले, त्या खाचराला पाणी कुठून मिळाले आणि ते आणखी किती वर्षे मिळणार, हा प्रश्न आपण मुलांना जरूर विचारायला लावावा. भूगोलाचा, इतिहासाचा आणि धर्माचा तास त्यात एकदमच होतो.